मालक गेला, कर्ज राहिलं: फुटबॉल क्लबकडून दिवंगत मालकाच्या घरच्यांचं येणं

ताळेबंद
इंग्लंडमधल्या क्लबांच्या चर्चेत 'मालकाने दिलेलं बिनव्याजी कर्ज म्हणजे फक्त कागदावरचं कर्ज' हे वाक्य सारखं येतं. मालक हयात आहे आणि क्लबवर त्याचा जीव आहे तोवर ते चालून जातं. तो गेला की तीच रक्कम त्याच्या इस्टेटीतली मालमत्ता होते, आणि ती वसूल करायची की सोडायची हे ठरवणारी माणसं वेगळी असतात. म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

सुरुवात बोल्टन वाँडरर्सपासून करतो, कारण या विषयातल्या जवळजवळ सगळ्या गाठी त्या एका प्रकरणात सापडतात.

एडी डेव्हिस यांचा पैसा किटलीच्या थर्मोस्टॅटमधून आला. आयल ऑफ मॅनमधली स्ट्रिक्स ही त्यांची कंपनी. २००३ पासून क्लब त्यांच्या ताब्यात होता. क्लब प्रीमियर लीगमध्ये होता, दोनदा युएफा कपही खेळला, पण खर्च कमाईच्या पुढे होता आणि दरवर्षीची तूट डेव्हिस कर्जरूपाने भरत गेले. मे २०१२ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला. जून २०१२ अखेरच्या हिशेबात एकूण कर्ज १३.६५ कोटी पौंड होतं, वर्षभराने १६.३८ कोटी. त्यातला बहुतेक भाग डेव्हिस यांचाच.

डिसेंबर २०१५ मध्ये थकलेल्या करापोटी कर खात्याने क्लब गुंडाळण्याचा अर्ज कोर्टात केला. मार्च २०१६ मध्ये क्लब विकला गेला तेव्हा डेव्हिस यांनी १७ कोटी पौंडांच्या वरची रक्कम सोडून दिली. इतकी मोठी रक्कम एका माणसाने सोडल्याची उदाहरणं इंग्लिश फुटबॉलमध्ये फार थोडी आहेत. मात्र सगळं सोडलं नव्हतं. काही येणं तारणासकट शिल्लक होतं. शिवाय नव्या मालकांनी ब्लूमार्बल नावाच्या वित्तसंस्थेकडून घेतलेलं कर्ज सप्टेंबर २०१८ मध्ये अंगावर आलं, तेव्हा क्लब प्रशासकाच्या (कर्जात बुडालेली कंपनी चालवायला कायद्याने नेमलेल्या माणसाच्या) हाती जाऊ नये म्हणून डेव्हिस यांनी तेव्हाचे मालक केन अँडरसन यांना आणखी ५० लाख पौंड दिले. त्यानंतर काही दिवसांतच, ११ सप्टेंबर २०१८ ला ते वारले.

तिथून पुढे बोलणी डेव्हिस यांच्याशी नव्हती, त्यांच्या ट्रस्टच्या विश्वस्तांशी होती. मे २०१९ मध्ये क्लब प्रशासकाकडे गेला. ऑगस्टमध्ये फुटबॉल व्हेंचर्स ही कंपनी घ्यायला तयार होती, पण अँडरसन आणि डेव्हिस ट्रस्ट या दोघांच्याही संमतीशिवाय विक्री पुढे सरकत नव्हती. २७ ऑगस्टला शेजारचा बरी क्लब लीगमधून काढला गेला. बोल्टनला १४ दिवसांची मुदत मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी व्यवहार झाला.

डावाबचाव
माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट पटत नाही. ज्या माणसाने १७ कोटी सोडले त्याच्या घरच्यांनी उरलेल्या थोड्या रकमेसाठी क्लबला शेवटच्या दिवसापर्यंत टांगणीला का लावावं? ती रक्कम सोडण्यातच त्यांच्या वडिलांच्या नावाचा मान नव्हता का?

वकीलताई
डावाबचाव, इथे 'घरचे' आणि 'विश्वस्त' वेगळे धरायला हवेत. त्याशिवाय हा विषय समजणारच नाही.

विश्वस्ताची इच्छा इथे मोजली जात नाही. ट्रस्टमधली मालमत्ता लाभार्थींची असते आणि ती राखणं हे विश्वस्ताचं कायदेशीर कर्तव्य. वसूल होण्यासारखं येणं त्याने भावनेपोटी सोडलं, तर उद्या कुणीही लाभार्थी त्याच्यावर दावा लावू शकतो आणि भरपाई विश्वस्ताच्या खिशातून जाते. मृत्युपत्राच्या एक्झिक्युटरचंही, म्हणजे ते अमलात आणणाऱ्याचंही, तेच. सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि सगळ्यांनी लेखी संमती दिली तर रक्कम सोडता येते. एक नातवंड जरी अज्ञान असलं, किंवा अजून न जन्मलेल्या वारसांसाठी ट्रस्टमध्ये तरतूद असली, तर त्यांच्या वतीने संमती कोर्टच देऊ शकतं. त्यासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे. कोर्ट आधी विचारतं की यात त्या मुलाचा फायदा काय. 'आजोबांचा क्लब वाचला' या उत्तराने भागणं अवघड.

दुसरी वाट म्हणजे मृत्यूनंतर २ वर्षांच्या आत वारसांनी आपसांत दस्त करून वाटणी बदलणं. तो दस्त नीट केला तर वारसा करापुरता बदल मृत व्यक्तीनेच केला असं धरलं जातं. ही वाट मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेसाठी आहे. कर्ज हयातीतच ट्रस्टमध्ये टाकलेलं असेल तर तिचा उपयोग नाही.

तेव्हा मालकाला क्लबचं ओझं खरंच हलकं करायचं असेल तर ते हयातीत, दस्त करूनच करावं लागतं. डेव्हिस यांनी २०१६ मध्ये जे केलं ते टिकलं, कारण ते असं केलेलं होतं.

ताळेबंद
वकीलताईंशी सहमत. त्यात एक भर घालतो. सप्टेंबर २०१८ ची रक्कम थेट क्लबला दिलेली नव्हती, अँडरसन यांना दिली होती, आणि क्लबवरचं तारण अँडरसन यांच्या कंपनीच्या हातात आलं. म्हणजे क्लब देणं लागतो अँडरसनच्या कंपनीला आणि अँडरसन देणं लागतात डेव्हिस यांच्या बाजूला. अशा साखळीत प्रत्येक कडीला वाटतं की पुढच्याने आधी सही करावी. प्रशासकाचं काम तिथे अडलं. रक्कम क्लबच्या उलाढालीच्या मानाने फार मोठी नव्हती, रचना वाईट होती.

अनामिक७
तारण आहे की नाही याने नक्की किती फरक पडतो? शेवटी घेणेकरी तो घेणेकरीच ना?

वकीलताई
जमीन-अस्मानाचा. सातबाऱ्यावर बोजा चढवतात तसा इंग्लंडमध्ये कंपनीच्या मालमत्तेवर चार्ज नोंदवतात. चार्ज झाल्यापासून २१ दिवसांत तो कंपनीज हाउसकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीत, नोंदवावा लागतो. नोंद राहिली तर प्रशासक आणि इतर घेणेकरी यांच्यापुढे ते तारण टिकत नाही. कर्ज उभं राहतं, पण विनातारण म्हणून. मालक स्वतःच संचालक असतो, वकिलाचा खर्च वाचवायला दस्त घरच्या घरी होतो, आणि ही नोंद राहून जाते. घरच्यांना ते कळतं मृत्यूनंतर.

प्रशासन लागलं की क्रम असा. स्टेडियम किंवा सराव मैदानावर ठराविक चार्ज असेल तर त्या जागेच्या विक्रीतून तो धनको आधी घेतो. मग प्रशासनाचा खर्च, मग कर्मचाऱ्यांच्या थकीत पगाराचा मर्यादित भाग, आणि १ डिसेंबर २०२० पासून कर खात्याचे व्हॅट व पगारातून कापलेले कर. त्यानंतर तरत्या चार्जचा (माल, रोख अशा बदलत्या मालमत्तेवरच्या तारणाचा) धनको, ज्याच्या वाट्यातून थोडा भाग विनातारण घेणेकऱ्यांसाठी बाजूला काढतात. मग विनातारण घेणेकरी, आणि सगळ्यात शेवटी भागधारक.

फुटबॉलमध्ये यावर आणखी एक थर आहे. खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांचे बदलीचे हप्ते पूर्ण चुकते केल्याशिवाय लीग नव्या मालकाला सदस्यत्व देत नाही. कर खात्याने हा नियम कोर्टात आव्हानला होता, २०१२ मध्ये ते हरले. म्हणजे मालकाच्या विधवेचं विनातारण कर्ज आणि शेजारच्या क्लबचा हप्ता कायद्याच्या क्रमात एकाच पायरीवर असले तरी प्रत्यक्षात हप्ता पूर्ण मिळतो आणि विधवेला पौंडामागे काही पेन्स. इंग्लिश फुटबॉल लीगचा निकष असा की विनातारण घेणेकऱ्यांना पौंडामागे किमान २५ पेन्स लगेच किंवा ३५ पेन्स ३ वर्षांत द्यावेत, नाहीतर प्रशासनाबद्दलच्या १२ गुणांवर आणखी १५ गुण कापले जातात.

पुणे_रोव्हर
बोल्टनवरून वीसेक किलोमीटरवरचं ब्लॅकबर्न आठवणारच. तिथे मालकाच्या पश्चात क्लब पुण्याच्या घराण्याकडे आला, म्हणून मराठी वाचकांना ते प्रकरण जवळचं.

जॅक वॉकर यांनी १९९० मध्ये वॉकरस्टील ही कंपनी ब्रिटिश स्टीलला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकली. ते राहायचे जर्सी बेटावर. त्यांच्या पैशावर ब्लॅकबर्न रोव्हर्सने १९९४-९५ ची प्रीमियर लीग जिंकली. १७ ऑगस्ट २००० ला ते वारले. क्लबची मालकी ट्रस्टमध्ये होती, त्यामुळे क्लबला त्या दिवशी धक्का बसला नाही. ट्रस्ट काही वर्षं पैसे देत राहिला. पण विश्वस्तांना क्लबपेक्षा लाभार्थी महत्त्वाचे, हे वकीलताईंनी वर लिहिलंच आहे. हात आखडता झाला, आणि मग गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीज समूहाने सुमारे २.३ कोटी पौंडांना क्लब घेतला आणि वर जवळपास २ कोटींचं कर्ज अंगावर घेतलं.

या व्यवहारात ट्रस्टने काय पाहिलं? स्वच्छ बाहेर पडणं. पैसे रोख, कर्जाची जबाबदारी नव्या मालकाची, मागे दुवा नाही. लाभार्थींच्या नजरेने हे निर्दोष आहे. क्लब नव्या मालकाच्या हातात कसा चालेल, हे तपासण्याची जबाबदारी मात्र विश्वस्तांवर कायद्याने नव्हती. दीड वर्षात क्लब खाली गेला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत. चाहत्यांचा सगळा राग पुण्यावर निघाला. विक्रीच्या वेळी अटी घालता आल्या असत्या हा मुद्दा मागे पडला याचं मला वाईट वाटतं.

आज क्लबचं मोठं कर्ज मूळ कंपनीकडूनच घेतलेलं आहे. २०२३ पासून भारतात परकीय चलन कायद्याखालच्या चौकशीमुळे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. त्याचा ताण क्लबवर दिसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅडम व्हार्टनला क्रिस्टल पॅलेसला विकावं लागलं. मालकाच्या खिशातून क्लबकडे जाणारी वाट अडली की काय होतं, हे पाहायला मृत्यूच व्हावा लागतो असं नाही.

डावाबचाव
कर्ज देणारा मालक जाऊनही काही गडबड झाली नाही असं उदाहरण आहे का?

ताळेबंद
लेस्टर सिटी. २७ ऑक्टोबर २०१८ ला विचाई श्रीवद्धनप्रभा हेलिकॉप्टर अपघातात गेले. मुलगा आयावत अध्यक्ष झाला. कर्ज विचाईंच्या नावावर नव्हतं, किंग पॉवर समूहाचं होतं. कंपनी मरत नाही. खाती गोठली नाहीत, प्रोबेटची (मृत्युपत्राला कोर्टाकडून मिळणाऱ्या मान्यतेची) वाट पाहावी लागली नाही, पगार वेळेवर झाले. २०२३ मध्ये समूहाने १९.४ कोटी पौंडांचं कर्ज भागभांडवलात बदललं. पुढे मैदानावर लेस्टरचं जे झालं त्याची कारणं वेगळी आहेत.

उलट टोकाला स्कॉटलंडमधलं ग्रेटना. ब्रूक्स माइलसन यांच्या पैशावर हा गावाएवढा क्लब २००६ चा स्कॉटिश कप अंतिम सामना खेळला, २००७ मध्ये स्कॉटिश प्रीमियर लीगमध्ये गेला. २००८ च्या सुरुवातीला माइलसन आजारी पडले, पैसा थांबला, मार्चमध्ये क्लब प्रशासकाकडे, उन्हाळ्यात संपला. नोव्हेंबरमध्ये तेही गेले. तिथे वसुलीचा प्रश्न फारसा उरलाच नाही, कारण वसूल करण्यासारखं काही नव्हतं.

या दोन्हींतून एक गोष्ट लक्षात घ्या. मालकाच्या मृत्यूनंतर पहिला धोका जुन्या कर्जाच्या वसुलीचा नसतो, पुढच्या महिन्याच्या पगाराचा असतो. व्यक्तीची बँक खाती मृत्यूची खबर मिळताच गोठतात. मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. प्रोबेट मिळायला काही महिने सहज जातात. पगार महिनाअखेरीस, त्यावरचा कर पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत. मालकाने ऑडिटरला 'पुढचे १२ महिने मी पाठीशी आहे' असं पत्र दिलेलं असतं, पण बहुधा ते बंधनकारक करार म्हणून लिहिलेलं नसतं, त्यामुळे इस्टेटीवर त्याची सक्ती करता येत नाही. अशा वेळी संचालकांनी बैठक बोलवून लेखी रोख-अंदाज करायलाच हवा. बुडण्यातून सुटकेची वाजवी शक्यता नसताना क्लब चालवत राहिले तर १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम २१४ खाली ती जबाबदारी त्यांच्या वैयक्तिक खिशावर येते.

अनामिक७
वारसा कराचं कुणी सांगेल का? क्लब परत देऊच शकत नाही अशा कर्जावरही घरच्यांना कर भरावा लागतो?

वकीलताई
हा भाग घरच्यांच्या दृष्टीने सगळ्यात बोचणारा, म्हणून जरा सविस्तर.

सूट वजा जाता इस्टेटीवर ४० टक्के कर. सूट साधारण ३,२५,००० पौंडांची. शेअर बाजारात नसलेल्या, धंदा करणाऱ्या कंपनीच्या शेअरना व्यवसाय सवलत मिळू शकते. त्याच कंपनीला दिलेल्या कर्जाला ती मिळत नाही. मालकाने ५ कोटी शेअर म्हणून घातले असते तर त्यावर सवलत मागता आली असती, ५ कोटी कर्ज म्हणून दिले तर नाही. त्यातही फुटबॉल क्लब दरवर्षी तोट्यात असेल तर 'हा नफ्यासाठी चालवलेला धंदा आहे का' असा प्रश्न कर खातं विचारू शकतं.

कर्जाची किंमत काय धरायची? कायद्याचं गृहीतक असं की ते पूर्ण वसूल होईल. वसुली अशक्य किंवा व्यवहार्य नाही असं दाखवलं तरच किंमत कमी धरतात, १९८४ च्या वारसा कर कायद्याचं कलम १६६. दाखवायचं कशाने? मृत्यूच्या तारखेजवळचा ताळेबंद, पुढच्या १२ महिन्यांचा रोख-अंदाज, आधीच्या क्रमांकाच्या चार्जांची यादी, स्टेडियमचं मूल्यांकन, आणि क्लबसाठी आलेल्या खऱ्या प्रस्तावांची पत्रं. इथे घरच्यांची कोंडी होते. कर खात्याला सांगायचं की क्लबकडून काही येणार नाही, आणि खरेदीदाराला सांगायचं की आमचं येणं पूर्ण किमतीचं आहे. दोन्ही कागद एकमेकांसमोर येतातच. एकच आकडा धरा आणि दोन्हीकडे तोच सांगा.

कर मृत्यूच्या महिन्यानंतरच्या सहाव्या महिनाअखेर देय होतो. क्लबकडून पौंडही न येता तो भरावा लागला तर रोख कुठून आणायची? म्हणूनच कधी कधी विश्वस्त किंवा एक्झिक्युटर लेखी मागणी पाठवतात. लोकांना ती निर्दयता वाटते.

आणखी एक. मालक जर्सीत किंवा आयल ऑफ मॅनला राहत असला तरी त्याने स्वतःच्या नावाने इंग्लिश कंपनीला दिलेलं साधं कर्ज इंग्लंडमधली मालमत्ता ठरतं, कारण ऋणको तिथे आहे. या क्लबांमागे परदेशी कंपन्या आणि ट्रस्ट दिसतात त्याचं हे एक साधं कारण आहे. आणि ते कर्ज कोर्टातून वसूल करायला एक्झिक्युटरला इंग्लंडचाच प्रोबेट लागतो.

पुणे_रोव्हर
मग मालक आजारी पडल्यावर घाईने कर्जाचे शेअर करून टाकणं, हा उपाय?

वकीलताई
क्लबसाठी हो, करासाठी पूर्ण नाही. व्यवसाय सवलतीला साधारणपणे शेअर २ वर्षं हातात असावे लागतात, नवे शेअर त्यात बसतीलच असं नाही. क्लबच्या बाजूने मात्र रूपांतर सरळ माफीपेक्षा बरं. नुसती माफी क्लबचं करपात्र उत्पन्न ठरू शकते. कर्जाच्या मोबदल्यात साधे शेअर दिले तर तो कर टाळता येतो. शिवाय लीगच्या नियमांत चॅम्पियनशिपमधल्या (दुसऱ्या श्रेणीतल्या) क्लबला ३ वर्षांत १.५ कोटी पौंडांचा तोटा चालतो, मालकाने भागभांडवल घातलं तर ३.९ कोटींपर्यंत. कर्ज त्यात धरत नाहीत.

डावाबचाव
भारतात एखाद्या क्लबबाबत हेच झालं तर मुदत किती?

ताळेबंद
इथे भारतीय कायदा जास्त कडक आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मागणी होताच परत करायच्या कर्जालाही कर्ज दिल्याच्या तारखेपासून ३ वर्षं. इंग्लंडमध्ये परतफेडीची तारीख न ठरलेल्या कर्जाची मुदत लेखी मागणीपासून ६ वर्षं, त्यामुळे तिथली जुनी येणी जिवंत राहतात. भारतात ती जिवंत ठेवायची तर मुदत संपण्याआधी ऋणकोची सही असलेली लेखी कबुली लागते, कलम १८. सही झालेल्या ताळेबंदातली नोंद अशी कबुली ठरू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केलं आहे. मात्र नोंदीखाली ऑडिटरची किंवा संचालकांची हरकत लिहिलेली असेल तर ती कबुली राहीलच असं नाही. गोवा असो की कोल्हापूर, क्लब कंपनीच्या रूपात असेल तर घरच्यांनी दरवर्षी ३१ मार्चच्या शिलकेचं सहीशिक्क्याचं पत्र घेऊन ठेवावं. एका पानाचं काम आहे.

अनामिक७
शेवटचा प्रश्न. आपल्या आवडीच्या इंग्लिश क्लबवर मालकाचं किती येणं आहे आणि कुणाच्या नावावर, हे बाहेरच्या माणसाला बघता येतं का?

ताळेबंद
येतं, फुकट. कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचं नाव टाका. क्लबच्या वर एक-दोन धारक कंपन्या असतात, त्यांचेही हिशेब काढा, कारण पुष्कळदा कर्ज वरच्या कंपनीत असतं आणि क्लबच्या ताळेबंदात फक्त 'समूहाचं देणं' दिसतं. हिशेबात टिपा वाचा. एका वर्षानंतर देय असलेली देणी, संबंधित पक्षांशी व्यवहार, ताळेबंदानंतरच्या घटना, आणि धंदा चालू राहील या गृहीतकावरची टीप. धनकोच्या जागी व्यक्ती आहे, कंपनी आहे की ट्रस्ट, हे पहिलं बघा. मग 'मागणी होताच देय' असं लिहिलंय की तारीख दिलीय. व्याज आहे का, आणि असेल तर ते भरलं जातंय की मुद्दलात साठतंय.

मग चार्जांच्या पानावर जा. प्रत्येक चार्जचा दस्त पीडीएफमध्ये असतो. धनकोचं नाव, कुठली मालमत्ता, आणि 'बाकी' की 'फिटलेला' ही स्थिती. कर्ज फिटूनही चार्ज काढायचा राहिलेला असतो, त्यामुळे 'बाकी' दिसलं म्हणून घाबरू नका, त्या वर्षाच्या टिपांशी ताडून बघा. हिशेब ९ महिन्यांपर्यंत उशिरा येतात, चार्ज मात्र २१ दिवसांत. म्हणून हंगामाच्या मध्ये अचानक नवा चार्ज दिसला तर पुढच्या हिशेबांची वाट न बघता तो दस्त आधी वाचा.

वकीलताई
आणि तो दस्त वाचताना प्राधान्यक्रमाचा करार आहे का ते शोधा. दोन तारणधारक असतील आणि आधी कोणाचं हे ठरवलेलं नसेल, तर विक्रीच्या वेळी दोघांच्याही सह्या लागतात. बोल्टनलाही ऑगस्ट २०१९ मध्ये विक्री दोघांच्या संमतीवर अडली होती.